चुका कुठून येतात? : डॉ. वसंत रामजी खानोलकर

आमच्या आजीच्या कनवटीला कायम एक छोटी डबी असायची. तिच्यात मिसरी. मुंबई-पुण्याकडे तिला मशेरी म्हणतात, पण आमच्या पाटण तालुक्यात मिसरीच. सुट्टीत गावी गेलं की सकाळी जाग यायची ती तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूच्या वासाने. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि मग उंबऱ्यावर बसून बोटाने हिरड्यांना लावायची. आजीच्या वयाच्या बहुतेक बायका हेच करतात. दात घट्ट राहतात, असा त्यांचा ठाम विश्वास! आणि खरं सांगते, मला तो वास आवडायचा. आजीचा वास म्हणजे तोच.

गेल्या दिवाळीत दाढ दुखते म्हणून बाबांनी तिला मिरजेला नेलं. दाढेचं राहिलं बाजूला, डॉक्टरांना गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. त्यांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्टला आठ दिवस लागतील म्हणाले. मी तेव्हा सांगलीत होस्टेलवर होते, सबमिशन तोंडावर आलेलं. पण अभ्यासात लक्ष कुठलं लागणार? लायब्ररीत बसून मी कॅन्सरबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले. आणि त्या वाचनात एक नाव सारखं भेटत राहिलं, डॉ. वसंत रामजी खानोलकर.

मित्रांनो, आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. भाभा माहीत, रामन माहीत, कलाम तर पाठच. पण ज्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हटलं जातं, ते आपल्याच मराठी मुलखातल्या घरातले होते, हे मला विसाव्या वर्षी कळलं. म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर असतात. मासिकाच्या मॅडमनी लाल पेन तयार ठेवलंय! पण हा लेखच चुका आणि त्यांच्या दुरुस्तीबद्दल आहे, त्यामुळे चालेल.)

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. घर गोमंतक मराठा समाजातलं, पण जन्मगाव मात्र कुठलं? तर क्वेट्टा, आताच्या पाकिस्तानातलं! डॉक्टरकीच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. मिळवून परत आले. त्या काळात लंडनची एम.डी. म्हणजे मुंबईत दवाखाना थाटला तर पैशाला तोटा नव्हता. खानोलकर मात्र शिकवण्याकडे वळले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. पॅथॉलॉजी म्हणजे रोगाने शरीरात नेमकं काय बिघडवलं ते तपासायचं शास्त्र. आपल्या भाषेत सांगायचं तर, मशीन बंद पडल्यावर ते खोलून फॉल्ट शोधणारा इंजिनिअर.

२८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून खानोलकर आले. तेव्हा भारतात कॅन्सर फारसा होत नाही, तो पाश्चात्त्यांचा रोग, असा समज होता. पण टाटामध्ये पेशंटची रीघ लागली. खानोलकरांपुढे रोज नवीन काचपट्ट्या यायच्या आणि त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. परदेशी पुस्तकांत कॅन्सरच्या ज्या जागा दिल्या होत्या, त्या इथे जुळत नव्हत्या. इथे तोंडाचा कॅन्सर डोळ्यात भरण्याइतका जास्त होता.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरवरचा शोधनिबंध अमेरिकेच्या कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. लोकांच्या सवयींमुळे होणारे तीन कॅन्सर त्यात होते. पहिला खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच कॅन्सर. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा नावाची विडी जळतं टोक तोंडात धरून ओढतात. विश्वास बसत नाही ना? पण ओढतात, आणि त्यांना कॅन्सर होतो टाळ्याला. तिसरा धोतराचा! वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी धोतर करकचून आवळल्यामुळे तिथल्या कातडीला होणारा.

बघा, खानोलकरांनी केलं काय? पेशंटला फक्त दुखतं कुठे एवढंच विचारलं नाही. तुम्ही खाता काय, गुटली कुठल्या गालात ठेवता, कपडा कसा नेसता, हेही पाहिलं. मग सवयीचा नकाशा आणि कॅन्सरचा नकाशा एकमेकांवर ठेवला. दोन्ही जुळले.

पण एक शंका उरत होती. मुंबईत वेगवेगळ्या समाजांत कॅन्सरचं प्रमाण आणि जागा वेगवेगळ्या दिसत होत्या. मग हे रक्तातच असेल तर? म्हणजे आई-बापांकडूनच आलेलं? खानोलकरांनी ही शंका उडवून लावली नाही. डॉ. एल. डी. संघवी यांना बरोबर घेऊन त्यांनी मुंबईतल्या, आपापल्यातच लग्नं करणाऱ्या सहा समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. तो अभ्यास १९५० मध्ये छापून आला. भारतातल्या मानवी आनुवंशिकीच्या सुरुवातीच्या कामांत त्याचं नाव घेतात. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी तंबाखू ओढणं, तंबाखू खाणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटच्या सवयींची तुलना त्यांनी कॅन्सर नसलेल्या लोकांच्या सवयींशी केली होती. सवयीचं पारडं जड निघालं.

आता प्रश्न असा, की तंबाखू गालात ठेवल्याने गालाच्या पेशीला नेमकं होतं काय? याचं पूर्ण उत्तर खानोलकरांना तेव्हा मिळणं शक्यच नव्हतं. गंमत बघा. ज्या १९४४ साली त्यांचा तोंडाच्या कॅन्सरचा निबंध आला, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते याचा पहिला भक्कम पुरावा दिला. डीएनएची दुहेरी शिडी तर १९५३ मध्ये उलगडली. म्हणजे खानोलकर रोगाचं कारण शोधत होते तेव्हा, ते कारण ज्या कागदावर खाडाखोड करतं तो कागदच कोणी नीट पाहिला नव्हता!

तो कागद कसा असतो ते थोडक्यात सांगते. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, ए, टी, जी आणि सी. ए समोर टी, जी समोर सी अशा जोड्या. आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून ३०० कोटी आणि बाबांकडून ३०० कोटी अशी जवळपास ६०० कोटी अक्षरं असतात. पेशीची एकाची दोन होताना हे सगळं उतरवून काढावं लागतं. आता आपण जर्नल उतरवतो तेव्हा किती चुका होतात? दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. एका वेलांटीने अर्थ पालटतो. डीएनएमध्येही तसंच. एक अक्षर बदललं आणि तसंच राहून गेलं, की त्याला म्युटेशन म्हणायचं, शुद्ध मराठीत उत्परिवर्तन.

उतरवणाऱ्या एन्झाइमची चूक साधारण लाख अक्षरांत एखादी. म्हणजे ६०० कोटींत ६० हजार चुका! एवढ्या राहिल्या असत्या तर आपण कोणी हा लेख वाचायला शिल्लक नसतो. म्हणून ते एन्झाइम स्वतःच मागे वळून बघतं, चुकीचं अक्षर खोडतं आणि बरोबर लिहितं. त्यातूनही सुटलेल्या चुकांसाठी मागून दुसरं पथक येतं, न जुळणाऱ्या जोड्या हुडकणारं. सगळं झाल्यावर चूक उरते शंभर कोटी अक्षरांत जेमतेम एखादी. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांना पॅरिटी बिट आणि एरर करेक्शन शिकवतात तेव्हा फार भारी वाटतं. पण ही सिस्टिम आपल्या अंगात कधीपासून चालू आहे! आणि बॅकअपची सोयसुद्धा आहे. एक पट्टी खराब झाली तर समोरच्या पट्टीवरून बरोबर अक्षर कळतं.

चुका फक्त उतरवतानाच होतात असं नाही. नुसतं शरीराच्या उबेने आणि पाण्याने प्रत्येक पेशीतली काही हजार अक्षरं रोज गळून पडतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारशेजारची दोन टी एकमेकांना चिकटतात. एक्स-रेने म्युटेशन होतात हे म्युलर यांनी १९२७ मध्येच माशांवर दाखवलं होतं. आणि काही रसायनं थेट अक्षरालाच जाऊन डकतात. तंबाखू येते ती इथे.

तंबाखूत नायट्रोसअमाइन्स नावाचे पदार्थ असतात. शरीरात त्यांच्यावर प्रक्रिया झाली की त्यांच्यापासून बनलेला एक छोटा मिथाइल गट डीएनएच्या जी या अक्षराला चिकटू शकतो. मग जी ला स्वतःची ओळखच राहत नाही. सी ऐवजी टी शी जोडी जमते आणि दोन पिढ्यांत जी च्या जागी ए कायमचा बसतो. पण हे होण्याआधी पेशीतलं एक प्रोटीन धावून येतं. ते तो मिथाइल गट ओढून स्वतःच्या अंगावर घेतं आणि त्यानंतर कायमचं निकामी होतं. एक चूक दुरुस्त करायला एक अख्खं प्रोटीन खर्ची! म्हणजे हा साठा संपणारा आहे. पेशी नवीन बनवते, पण दिवसातून दहा वेळा गालात तंबाखू असेल तर बनवणार तरी किती?

आणि मिसरी? ती तर भाजलेली तंबाखू. भाजताना, जळताना बेंझोपायरीनसारखे अवजड पदार्थ तयार होतात. हे डीएनएला चिकटले की शिडीच वाकडी होते. मग दुरुस्ती पथकाला ती वाकडी जागा शोधून तिथला साधारण ३० अक्षरांचा तुकडा कापून काढावा लागतो आणि समोरच्या पट्टीवरून पुन्हा भरावा लागतो. रस्त्यावरचा खड्डा चौकोनी कापून पुन्हा डांबर भरतात ना, तसंच. डीएनए दुरुस्तीचे हे मार्ग उलगडणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

धोतराच्या कॅन्सरचं काय? तिथे तर काही रसायन नाही. पण कातडी रोज घासली, जखम झाली, भरली, पुन्हा घासली. जखम भरायची म्हणजे पेशींची संख्या वाढवायची, म्हणजे मजकूर पुन्हा पुन्हा उतरवायचा. जितक्या कॉपी, तितकी चुकीची शक्यता जास्त. शिवाय सतत सुजलेल्या जागी डीएनएला इजा करणारे पदार्थ शरीरच तयार करतं. खानोलकरांनी कपड्याची गाठ बघितली होती, त्यामागचं हे गणित नंतर कळलं.

सगळ्याच चुकांनी कॅन्सर होत नाही. पण चूक नेमकी पेशीच्या वाढीचा ब्रेक किंवा ॲक्सिलरेटर असणाऱ्या जनुकात झाली तर? पी-५३ नावाचं एक प्रोटीन डीएनए बिघडला की पेशीला थांबवतं. आधी दुरुस्ती, मग वाढ. दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. ज्या पेशीत हा पहारेकरीच म्युटेशनने निकामी होतो, तिला विचारणारं कोणी उरत नाही. अशा चुका एकावर एक साठत जायला वर्षं लागतात. म्हणूनच तरुणपणी लावलेल्या सवयीचं बिल म्हातारपणी येतं.

खानोलकर हे सगळं होताना दुरून बघत नव्हते. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, त्याचे ते संस्थापक संचालक. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरला जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकून घेतलं आणि परत येऊन मुंबईत टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. कॅन्सरसोबत कुष्ठरोगावरही तिथे महत्त्वाचं काम झालं. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे किरणोत्साराची भीती जगभर पसरली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये एक शास्त्रीय समिती नेमली. किरणोत्साराने माणसावर आणि पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो हे बघण्यासाठी. तिथे भारताच्या बाजूने बसले खानोलकर. सवयीच्या चुका तपासणारा माणूस आता अख्ख्या जगाच्या चुका तपासत होता! १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, पद्मभूषण मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले.

त्यांच्यानंतर चारच वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या कॅन्सरमधलं पहिलं अक्षर पकडलं. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशीत रास नावाच्या एका जनुकात जी च्या जागी टी. फक्त एक अक्षर! आणि खानोलकरांच्या संस्थेचीच पुढची पायरी असलेल्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९८० च्या दशकात चक्क आपल्या मशेरीचा अर्क प्रयोगशाळेत तपासला गेला. बॅक्टेरियावर तपासलं तर तो म्युटेशन घडवतो आणि उंदरांना दिला तर गाठी होतात, असं दिसलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. तव्यावरचा तो वास आठवत होता.

आठव्या दिवशी बाबांचा फोन आला. कॅन्सर नव्हता. पण पेशींचं रूप बदलायला सुरुवात झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, मिसरी आजपासून बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

आजीला समजावायचं काम माझ्याकडे आलं. डीएनए, नायट्रोसअमाइन्स तिला काय सांगणार? आजी वाकळ फार सुंदर शिवते. मी म्हटलं, आजी, तुझ्या गालाच्या आत एक बाई रात्रंदिवस वाकळ सांधत बसलेली आहे. जिथे फाटेल तिथे ठिगळ लावते. तिचा हात फार चांगला आहे, पण तू रोज चार ठिकाणी फाडलीस तर ती एकटी किती सांधणार? आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने डबी माझ्या हातात दिली. दोन आठवड्यांनी शेजारच्या काकूंकडून गुपचूप घेऊन लावली, हेही प्रामाणिकपणे लिहिते. साठ वर्षांची सवय एका गोष्टीने सुटत नाही. पण आता त्या डबीत बडीशेप असते. मागच्या तपासणीत चट्टा थोडा लहान झालेला दिसला. पूर्ण जाईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. पुढची तारीख परीक्षेनंतर आहे, मी स्वतः सोबत जाणार आहे.

मित्रांनो, आपल्या सांगली-साताऱ्यातून कितीतरी लोक कॅन्सरची फाईल पिशवीत घालून परळची वाट धरतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, जागा नसेल तर फूटपाथवर पथारी टाकतात. त्यांच्यातले कित्येक जण आपल्याच नात्यातले, आपल्याच वाडीतले असतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी टपरीवर काय मिळतं आणि आपल्या वर्गातली किती पोरं मळलेली तंबाखू ओठात ठेवून लेक्चरला बसतात, हे मी सांगायला नको. आपल्या सगळ्या चुका काही आपल्या हातात नसतात. काही नशिबाने होतात, काही जन्मतः येतात. पण काही आपण रोज चिमटीने उचलून गालात ठेवतो. खानोलकरांनी ऐंशी वर्षांपूर्वी काचपट्टीवर बघून या तिसऱ्या चुकांवर बोट ठेवलं होतं.

आत बसून सांधणारी ती बाई आपल्याकडून पगार मागत नाही. निदान आपण तिचं काम तरी वाढवू नये.